मूळ ठाऊक नाही

१२ जानेवारी

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

माझ्या पुस्तकाच्या प्रूफांचं पाकीट मिळालं. माझ्या भावाने तुला छापखाना दिला, धीर द्यायचा तेवढा विसरला! 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'च्या नोंदीत तू परस्पर घुसडलेलं वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं. म्हणे, जुन्या काळी कुत्री-मांजरं गवताच्या छपरावर झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. कोणी पाहिलं? इंग्रजी वाक्प्रचारांच्या उगमाचं पुस्तक आहे हे, चावडीवरच्या गप्पा नाहीत. जन्मभर वर्गात एकच सांगत आले. एका वाक्प्रचाराच्या तीन-तीन जन्मकथा कानावर आल्या, तर खरी कोणालाच माहीत नाही असं धरायचं आणि सरळ लिहायचं, 'मूळ ठाऊक नाही.' त्यात लाज कसली? काढ ते वाक्य.

मी ठणठणीत आहे. लोभ आहेच, तुझ्या वागणुकीकडे बघून वाढवायचं ठरवीन.

तुझी आत्या

२१ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कुत्री-मांजरं हाकलली. पण सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. दोनदा मशीन सुरू केलं, दोनदा बंद केलं.

तू परत पाठवलेली प्रूफं चाळत होतो. 'ब्रेक द आइस'खाली तुझी ती नोंद हवी, पुढची होडी गोठलेल्या नदीतला बर्फ फोडते आणि मागच्यांना वाट मिळते, ती. आमच्या गलथानपणामुळे तिथे 'बाइट द बुलेट'ची नोंद दुसऱ्यांदा लागली आहे. भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा सैनिक दातांत गोळी धरून शस्त्रक्रिया सोसायचे असं सांगतात, पुरावा कच्चा, वगैरे. आणि त्याखाली तुझ्या लाल शाईत 'बरोबर, छापा'! एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर तू मला उभा-आडवा घ्यायचीस, आणि अख्खी नोंद तुझ्या नजरेतून सुटली?

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. आत्या, डोळ्यांचं काय आहे? फोन केला की 'सगळं छान' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहून विचारतोय. उत्तर लगेच टाक.

आशीर्वाद असू दे, आणि एकदाचं खरं सांग.

भिंगरी

२८ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

केवढा तो बाऊ! चष्म्याचा नंबर बदललाय, इतकंच. शिवाय तुझी शाईच फिकी, पाण्यासारखी. आणि माझ्या टेबलावरचा दिवा मेला मिणमिणता, तो बदलायचा राहून जातो. नोंद सुटली, माझा कान पकड आणि विषय संपव. पुस्तक हातात आलं की सगळं निवांत बघू. तू मुकाट्याने छापायला घे.

जेवत जा वेळेवर. काळजी करायचा मक्ता मी तुला दिलेला नाही.

तुझी आत्या

३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चष्मा, शाई, दिवा. एका गोष्टीच्या तीन कथा झाल्या. अशा वेळी काय समजायचं, ते तूच मला शिकवलंस.

मला रागही आलाय आणि भीतीही वाटतेय. पुस्तकात पानोपानी 'ठाऊक नाही' लिहायला तू कचरत नाहीस आणि घरच्या माणसाला मात्र थापा मारतेस? आई गेल्यावर मला तू वाढवलंस. माझा एवढाही हक्क नाही? डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहीपर्यंत मशीन बंद. एकही पान छापणार नाही.

तुझाच, हट्टीपणात तुझ्यावर गेलेला,

भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हरले बाबा. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं, परत येत नाही. उजव्यात उरलंय तेवढं टिकावं म्हणून ऑपरेशन करा, उशीर करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पण माझं डोकं अडेलतट्टू, म्हटलं पुस्तक आधी होऊ दे. उद्या काही बिघडलं, तर निदान छापलेलं एकदा या डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

तुझी पत्रं आणि ते कुत्र्या-मांजरांचं पान भिंगाखाली कसंबसं लावलं, बाकीची प्रूफं मी वाचलीच नाहीत. वाचता येत नव्हती. अंदाजाने 'बरोबर' लिहीत गेले. याची मात्र लाज वाटते.

ऑपरेशननंतर किती दिसेल? ठाऊक नाही. इतक्या वेळा हे शब्द लिहिले, पण जड गेले ते आजच. मला भीती वाटते रे. येशील?

आत्या

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

दुकानांच्या पाट्यांसाठीचा सर्वांत मोठ्या अक्षरांचा टाइप काढून हे पत्र जुळवलंय. एका कागदावर चारच शब्द बसतात, म्हणून एवढा गठ्ठा. खिडकीपाशी बसून सावकाश वाच.

मी निघालोय. पत्राच्या मागोमाग पोचेन. तारीख ठरवून टाक, बाहेर बाकावर मी बसलेला असेन. आता भूल देतात, गोळी चावायची नाही.

पुस्तक थांबवलंय. अख्खं पुस्तक याच टाइपात जुळवायला घेतलंय, फक्त तुझ्यासाठी, एकच प्रत. हातगाडीवर आणावी लागेल, पण प्रूफं तूच वाचायची.

आणि बर्फाच्या होडीची नोंद मुद्दाम चुकीची ठेवलीय. बरी झालीस की शोधून मला झाप.

तुझा भिंगरी