बरणीवरची तिथी

पारनाका, कल्याण
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९५७

प्रिय प्रभाकर,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड परवा मिळालं. तुरुंगातली भाकरी जाड असते पण नीट भाजलेली असते, असं लिहिलं आहेस. बरं झालं. घरी पोळीला पदर सुटला नाही तर ताट सरकवायचास. सोमवारी ठाण्याच्या कोर्टात तुझा खटला उभा राहतोय आणि मला साक्षीला बोलावलंय, हे गुरुदत्त वकिलांनी तुला सांगितलंच असेल. मी तिथे काय सांगायचं तेही सांगितलं असेल. मला त्यांनी ते दोनदा सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा मान हलवून ऐकून घेतलं.

नानांचं उजवं अंग तसंच आहे. रोज तेल चोळते, पण जीभ काही वळत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची जीभ बाहेर काढायला लावून बघणारा वैद्य, आता त्यालाच आ करा म्हणावं लागतं. उत्तरा माहेरी गेलेली नाही. तिचे वडील न्यायला आले होते, त्यांना चहा देऊन तिने परत पाठवलं. नानांना तीच भरवते, दवाखान्याची खोली झाडते, तुझे कपडे उन्हात घालते. रडत नाही. मीही रडत नाही. खरं सांगायचं तर मला काही वाटेनासंच झालंय. परवा कढीत दोनदा मीठ पडलं, ते मला खाऊन कळलं नाही. उत्तरेचं तोंड बघून कळलं.

काल द्राक्षासव घालायला बसले. रोगी येत नाहीत, तरी हाताला सवय. मनुकांचा काढा, गूळ, धायटीची फुलं. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर माती लिंपली, भाताच्या कणगीत पुरली. लहानपणी ती कापडमाती तू मळून द्यायचास, आठवतं का रे? आणि बरणीवर मी गेरूने तिथी घालायची. महिना भरल्याशिवाय त्या मातीला नखही लावायचं नाही, हा आपल्या घरचा नेम. तुझ्या आजेसासूबाई, म्हणजे माझ्या सासूच्या सासूबाई, त्यांच्यापासूनचा. बघ, नातंसुद्धा चुकीचं लिहिलं. माझं डोकं असं चाललंय. काल मातीचा हात तसाच घेऊन बसून राहिले आणि बरणीवर तिथी घालायचीच राहिली.

बरणी तीच, तुझ्या पहिल्या खटल्यातली. गेल्या वर्षी हनुमान जयंतीला पोलिसांनी तुझी लॉरी दुर्गाडीच्या उतारावर अडवली, तेव्हा कोणाला खरचटलंही नव्हतं. नुसता तोंडाला वास होता. डॉक्टरने चालायला लावलं, डोळ्यांत दिवा धरला आणि लिहून दिलं. तेव्हा वकील म्हणाले, अहो, वैद्याचं घर आहे, आसव घेतलं म्हणा. औषधाला दारूबंदीचा कायदा लागू नाही. आणि नानांनी तसं शपथेवर सांगितलं. मुलाला खोकला होता, सकाळी मी दोन मोठी मापं आसव दिलं. कोर्टाने नानांचं पांढरं डोकं बघितलं आणि तुला सोडलं. लायसनही परत मिळालं. तू बाहेर येऊन नानांच्या पाया पडलास आणि ते तुझ्याकडे न बघता चप्पल शोधत राहिले.

तुला जे माहीत नाही ते आता लिहिते. त्या दिवशी घरात आसवाचा थेंब नव्हता. जुनं होळीलाच संपलं होतं, आणि नवी बरणी मी पाडव्याला पुरली होती. हनुमान जयंती म्हणजे पंधरावा दिवस. हवालदार चौकशीला येणार असा निरोप आला, तेव्हा नानांनी ती कणगीतून काढली, माती फोडली, माझी चैत्राची तिथी धोतराच्या सोग्याने पुसली आणि आपल्या हाताने वर माघ लिहिला. मी समोर उभी होते. हवालदाराने मला विचारलं, बाई, ही तेव्हापासून चालू आहे का? मी होय म्हटलं. तो गेल्यावर नानांनी ते कच्चं आसव परसात ओतलं. तिथे दोन दिवस मुंग्या होत्या. त्यानंतर त्यांनी एकदाही औषध जिभेवर टेकवून बघितलं नाही, मलाच बघायला सांगत. आणि श्रावणात पडले. लोक म्हणतात वाताचा झटका. असेल.

तू मात्र सुटलास तो सुटलासच. चार महिने नीट राहिलास. मग पुन्हा तो बडीशेपेचा वास घेऊन घरी यायला लागलास. उत्तरा मला सांगायला आली तर मी तिलाच गप्प केलं, झाकली मूठ म्हटलं. मला वाटायचं, एकदा भोगून आलाय, आता पोरगा घाबरेल. अरे, पण तू भोगलंस कुठे? भोगलं ते नानांनी. तुला एवढंच कळलं की घरात बरणी आहे.

गेल्या मंगळवारी मी कोपरीला जाऊन आले. कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाही आत्ताच सांगते. धोंडीबाचं घर मिठागराकडे जाताना शेवटचं. भिंती निम्म्या पांढऱ्या आणि निम्म्या मातीच्या. दिवाळीसाठी तो चुना आणायला गेला होता, खाडीच्या पुलाअलीकडे तुझ्या लॉरीखाली आला तेव्हा डबा त्याच्या हातात होता. भर दुपारी, प्रभाकर. त्याच्या आईने, हौसाबाईने, मला ओळखलं नाही, सरकारी बाई समजली. मीही तुझी आई असल्याचं सांगायचा धीर केला नाही. तिने पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, बाय, त्यांना दिसला नव्हता का तो? एवढंच तिला विचारायचं होतं. मी नाही माहीत म्हटलं आणि पाणी प्यायले.

वकिलांनी मला सगळं समजावून सांगितलंय. दारू प्यायल्याची शिक्षा वेगळी, पिऊन गाडी हाकल्याची वेगळी, माणूस मेला त्याची वेगळी. दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतं, लायसन तर जाईलच. पण वास औषधाचा ठरला तर दारूचं कलम गळून पडेल आणि उरेल नुसता अपघात. मागच्या खटल्यात निर्दोष सुटल्यामुळे कागदावर तू पहिल्यांदाच चुकलेला माणूस. नाना बोलू शकत नाहीत, तर आसव करणारी म्हणून मी सांगायचं, सकाळी मीच दिलं. या वेळी तिथी पुसायलाही नको, म्हणाले, घरात मुरलेल्या आसवाची दुसरी जुनी बरणी आहेच. माणूस वाईट नाही. त्याला तुला सोडवायचंय. मलाही सोडवायचंय. तू समोर बसून जेवावंस, यापलीकडे मला काही नकोय.

तरी मी ते सांगणार नाही. त्या दिवशी मी तुला आसव दिलं नव्हतं, आणि गेल्या वर्षी नानांनीही दिलं नव्हतं, असं दोन्ही सांगणार आहे. खोट्या शपथेसाठी नानांच्या अंथरुणाशी पोलीस येतील, मलाही नेतील. नानांना मी काल हे कानाशी बसून सांगितलं. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. त्याचा अर्थ नको असा होता की बरं असा, ते मला कळलं नाही, आणि मी विचारत बसले नाही.

हे सगळं मला रविवारी भेटीला येऊन सांगता आलं असतं. मुद्दाम येत नाही. कानात सांगितलेलं सोमवारी फिरवता येतं, आणि मी स्वतःला ओळखते. तुला त्या पिंजऱ्यात उभा बघितलं की मी होय म्हणेन, हवालदाराला म्हटलं तसंच. तूच कार्डात लिहिलं होतंस ना, आलेलं प्रत्येक पत्र इथले साहेब आधी फोडून वाचतात, म्हणून जपून लिही. त्यासाठीच लिहिलं. साहेब, आपलं वाचून झालं की ज्यांना दाखवायचं त्यांना दाखवा आणि मग माझ्या मुलाला द्या. त्याचा लोकरी बनियन उत्तरेने सोबत पाठवलाय, सकाळी गार असतं, तेवढा त्याला मिळू दे.

तुझीच,
आई