लोटूकाकांच्या फोटोचा हार

बऱ्हाणपूर, ३० डिसेंबर १९४८

सुलभा,

तू नदीच्या राजघाटावरून धुणं घेऊन येशील तोवर मी आणि आबा इंदूरच्या वाटेला लागलेले असू. घाबरू नकोस.

वर्ष संपायच्या आत ट्रंकेतले जुने फोटो पुसून भिंतीवर लावलेस, छान केलंस. पण गेलेल्या माणसांबरोबर लोटूकाकांच्या फोटोलाही हार घातलास! अगं, आबांचे धाकटे भाऊ ते, चांगले हिंडतेफिरते आहेत. भांडून गेल्यापासून बारा वर्षं या घरात त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, तर नव्यानं सून होऊन आलेली तू तरी दुसरं काय समजणार?

सकाळी आबा फोटोपाशी बराच वेळ उभे होते. मग एकदम ओरडले, "माह्या लोटूले हार कोनं घातला रे?" आणि डोळे पुसत म्हणाले, "चाल, आत्ताच घेऊन येऊ त्याले." इंदूर संस्थान विलीन झाल्यापासून काका तिथं नोकरीविना बसलेत, हे आबांना सगळं ठाऊक होतं!

परवा येतो. मागची खोली झाडून ठेव. फोटोवरचा हार काढ आणि झेंडूचा नवा ओव, माणसाच्या गळ्यात घालता येईल एवढा मोठा. तो आबा स्वतः घालणार आहेत.

अनंत