पऱ्हाटीचा रकाना

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

गावाहून आत्ताच शहरात, सक्करदऱ्याच्या खोलीवर परतलो. मनोहररावांच्या सहा एकरांतली पऱ्हाटी मशीननं सकाळभरात उपटून, चुरून ट्रॉलीत भरली. कापूस वेचून उरलेल्या त्या काड्यांच्या आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात गोळ्या होतात. कोळशाऐवजी बॉयलरमध्ये जळतात. मनोहरराव खूश — "वावर साफ! उद्याच नांगरतो."

बांधावर कुसुमताई उभी होती. हातात पऱ्हाटी उपटायचा चिमटा, डोक्यावर चुंबळ. दरवर्षीसारखी आलेली.

"काहून गा प्रेमानंदा, सारीच नेऊन राहिले का?"

"हो ताई. कारखान्याला."

"कारखान्याची चूल लय मोठी दिसते!"

सगळे हसले. मीही हसलो.

१० फेब्रुवारी

सकाळी दिवा लावला. हात जोडले. मागता काही आलं नाही.

१४ फेब्रुवारी

इथं तरी लिहून टाकतो.

आमच्या गावात जो उपटेल त्याची पऱ्हाटी. मालक मजुरी देत नाही, बाया मागत नाहीत. त्याचं वावर मोकळं होतं, त्यांना वर्षभराचं जळण मिळतं. आई आणि कुसुमताई जोडीनं उपटायच्या. आई तापानं पडली तेव्हा तीन महिने मी कुसुमताईच्या चुलीवरची भाकर खाऊन शाळेत गेलो.

आणि दिवाळीनंतर कारखान्यासाठी गावचा सर्व्हे मीच केला. ‘पऱ्हाटीचा सध्याचा वापर’ या रकान्यात लिहिलं — "काही नाही. बांधावर जाळून टाकतात." दोन-चार जण जाळतात, हे खरं. पण वापर दाखवला की गाव पऱ्हाटी उचलायच्या यादीतून जातं, असं कारखान्याचे साहेब बोलले होते. मला माझं गाव यादीत हवं होतं. कोळसा कमी जळेल, हे चांगलंच काम — अजूनही तसंच वाटतं. मालकांना ओट्यावर बसून विचारलं. बायांना विचारलं नाही. विचारायचं काय — मला ठाऊकच होतं!

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. महादेवाला बेल वाहिला आणि गोळ्यांचं एक पोतं गाडीवर बांधून कुसुमताईकडे नेलं. वाटलं, तेवढीच भरपाई.

तिनं मूठभर हातात घेतल्या. "बकरीच्या लेंड्याच हायेत गा ह्या!" चुलीत टाकल्या. नुसता धूर. त्यांना पंख्याची हवा लागते. रोज कारखान्यात बघतो, तरी सुचलं नाही. गॅसचं सिलिंडर कोपऱ्यात, वर गोधडी. कधीचं रिकामं.

"बस. उपाशी हायेस, चहा घेऊन जाय."

"राहू दे वं ताई."

ऐकते थोडीच! चिमट्याचा लाकडी दांडा ओढून काढला, कुऱ्हाडीनं तुकडे केले, चुलीत सारले. "आता याचं काय काम हाये?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सर्व्हे कोणी केला, तिला माहीत नाही. सांगायलाच गेलो होतो. चहा प्यालो. उठलो.

२७ फेब्रुवारी

साहेबांना म्हटलं, प्रत्येक वावरातल्या पऱ्हाटीचा चौथा हिस्सा बायांसाठी सोडू.

"प्रेमानंदजी, जाळतात म्हणून तुम्हीच तर लिहिलं ना? आता काय बदलून राहिले?" मग हसून — "तुमचं गाव तर झालं. सोमवारपासून पुढची चाळीस गावं तुमच्याचकडे आहेत. तिथं लिहा खरं. मना कोण करते?"

खरंच. कोण करतं मना?

२८ फेब्रुवारी

देवासमोर कबूल केलं. चाळीसही गावांत आधी बायांकडे जायचं. कोणाची चूल कशावर पेटते ते नावानिशी त्या रकान्यात लिहायचं. गाव यादीतून गेलं तर जावो. आणि पुढच्या खेपेला गावी जाईन तेव्हा कुसुमताईला सगळं सांगायचं.

आज खूप दिवसांनी भाकर चवीनं खाल्ली.

३ मार्च, सोमवार

नवे फॉर्म आले. ‘सध्याचा वापर’ या रकान्यात लिहायला जागा नाही. तिथं आधीच छापलंय — "काही नाही. बांधावर जाळून टाकतात."

चाळीसही गावांसाठी. शब्द न् शब्द माझा.