दुसरा ब्रेक

२ फेब्रुवारी
ठरलं. यंदा लग्नाचा वाढदिवस कॅसिनोत! ही म्हणाली की डोंगरावर जाऊ. मी म्हटलं, डोंगर कुठे पळून जात नाही. ही म्हणाली की कॅसिनोही नाही. बोलण्यात हिचा हात कोणी धरणार नाही.

खरं म्हणजे मुद्दा मजेचा नाही, तत्त्वाचा आहे. अण्णांमुळे आमच्या घरात पत्त्यांचा जोड दिसला तरी सगळे गप्प होतात. बाप जुगारी, म्हणून मुलाने आयुष्यभर अंग चोरून वागायचं? खाण तशी माती म्हणणाऱ्यांना एकदा दाखवून द्यायचंय. जायचं, बसायचं, खेळायचं, हसायचं आणि उठायचं. अण्णांना सगळं यायचं, उठणं तेवढं यायचं नाही.

३ फेब्रुवारी
आजपासून शिस्तबद्ध नियोजन. ज्या माणसाने अख्ख्या शहराला गाडी चालवायला शिकवलं, त्याला स्वतःला थांबवणं काय जड आहे?

नियम: सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. मुक्काम नाही, मुक्काम आला की मोह आला. पोटभर जेवूनच खेळायला बसायचं. मनगटावर घड्याळ, घड्याळाला गजर. मोबाईल सायलेंट, गाडी चालवताना ठेवतो तसाच. परतीच्या पेट्रोलचे पैसे वेगळ्या खिशात.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवरून सुचला. तिच्यात माझ्या पायाशी दुसरा ब्रेक आहे. शिकणारा कितीही गोंधळला तरी शेजारी बसून मी गाडी थांबवतो. कॅसिनोत माझा दुसरा ब्रेक ही. खांद्यावर हात ठेवला की मी उठायचं. हिला कल्पना पटली. फक्त म्हणाली की हात एकदाच ठेवीन, दुसऱ्यांदा नाही, आणि थांबणारही नाही. थांबणार नाही म्हणजे काय करणार, हे विचारायचं राहिलं.

५ फेब्रुवारी
आईला सांगितलं. रागावेल वाटलं होतं. तिने चहा संपवला, दुखऱ्या दाढेत लवंग धरली आणि एवढंच विचारलं की गाडी कोण चालवणार. म्हटलं, मीच. तर म्हणे, आणि येताना? मी सांगितलं की मी पीत नाही. ती म्हणाली की पिण्याचं विचारलेलं नाही. वय झालंय तिचं.

मग उगाचच ती जुनी गोष्ट आठवत बसलो. अण्णा आईला घेऊन कुठूनसे परत येत होते. वाटेत क्लबपाशी गाडी लावली, “आलोच” म्हणाले आणि आत गेले. आईला तेव्हा गाडी येत नव्हती. ती उजाडेपर्यंत गाडीत बसून राहिली. मी तिच्या पोटात होतो, म्हणजे तसा मीही गाडीतच होतो. त्यानंतर आई अण्णांच्या शेजारच्या सीटवर कधी बसली नाही. गाडी शिकली आणि स्वतःच चालवू लागली.

मी हिला गाडी शिकवलेली नाही. त्याचा इथे काही संबंध नाही. एकदा प्रयत्न केला होता. हिला क्लचचा अंदाजच नाही.

९ फेब्रुवारी, सकाळ
लिहू की नको. लिहितो, इथे कोण वाचणार आहे?

गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पार पुढे ओढलेली. आरसा खाली वळवलेला. काल मी स्वतः गाडी बंद करून किल्ली खिळ्याला लावली होती. माझ्या उंचीचा माणूस असा बसूच शकत नाही. अण्णा असताना बसायचे. अण्णा बुटके होते.

आणि लवंगेचा वास. डाव मांडला की ते तोंडात लवंग धरायचे.

भीती वाटली. सरळ वाटली. नंतर शांतपणे विचार केला. सीटचा खटका झिजलाय, दुसरं काय!

१३ फेब्रुवारी
खटका नवा बसवला. आज पुन्हा सीट पुढे.

हिला सांगितलं नाही. ट्रिप रद्द करायला निमित्तच शोधत असेल. पण तशी ही खुशीत दिसते. आईसुद्धा. दोघी पहाटे फिरायला जातात. सासूसुनेचं एवढं गूळपीठ मी आजवर पाहिलेलं नाही.

१६ फेब्रुवारी
शेवटच्या विद्यार्थ्याला सोडून एकटाच परत येत होतो. रस्ता रिकामा. मनात कॅसिनोचं चाक फिरत होतं. पत्ते अण्णांचे, मी चाकाकडे बसणार आहे. चाकाचं मला कळतं, त्यावरच पोट भरलंय.

तेवढ्यात गाडी हळू झाली. माझा पाय ॲक्सिलरेटरवर. डावीकडे पाहिलं. रिकाम्या सीटपुढचा ब्रेक खाली गेला होता. मग सावकाश वर आला, कोणीतरी पाय काढून घ्यावा तसा.

गाडी तिथेच सोडून चालत घरी आलो. हिला सांगितलं, व्यायाम.

१७ फेब्रुवारी
मेकॅनिक म्हणतो, केबल ठणठणीत आहे. शेजारी कोणी बसलं होतं का, असं विचारत होता. त्याला काय सांगणार? केबल बदलायला लावली. ट्रिप ठरल्याप्रमाणे होणार. भुतांना घाबरून जबाबदार माणसाने नियोजन बदलायचं नसतं.

२२ फेब्रुवारी, दुपार. कॅसिनोचं स्वच्छतागृह
अप्रतिम जागा! खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. पोटभर जेवलो. हिने मस्त निळा ड्रेस घातलाय. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो. चाकावर माझा आकडा आला तेव्हा हिने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला फार बरं वाटलं. एवढ्यासाठीच आलो होतो, असं वाटलं. इथेच उठलो असतो तर नियोजन शंभर टक्के यशस्वी होतं. पण रंगात आलेला डाव सोडून उठणं हाही एक प्रकारचा अतिरेकच. आता जाऊन थोडंसंच.

२२ फेब्रुवारी. नंतर. तीच जागा
किरकोळ अडचण. हिने खांद्यावर हात ठेवला. मला कळलं. पण चाक फिरत होतं, आणि फिरत्या चाकावरून उठू नये हा साधा सुरक्षेचा नियम आहे. मी म्हटलं, तू गाडीत बस. किल्ली दिली, एसी लावता यावा म्हणून. आणखी काहीतरी म्हणालो. काय ते आता आठवत नाही. ही किल्ली घेऊन गेली. समजूतदार आहे.

टेबलापाशी कोणाचं तरी घड्याळ सारखं वाजतंय. लोकांना शिस्त म्हणून नाही.

२२ फेब्रुवारी. आणखी नंतर
समोर एक माणूस बसलाय. खांदे पडलेले, मान पुढे. चाक फिरलं की टेबलाखाली पाय दाबतो, जणू तिथे ब्रेक आहे. अण्णा डाव हरताना असाच पाय दाबायचे, हे आई सांगायची. तोच पाय, तीच मान. तो माझ्याकडेच बघतोय. मी बघितलं की बघतो.

शेवटी रखवालदाराला बोलावलं. म्हटलं, त्या गृहस्थांना दुसरीकडे बसवा, खेळात लक्ष लागत नाही. त्याने वळून पाहिलं आणि फार नम्रपणे सांगितलं की साहेब, तो खांब आहे. खांबाला आरसा आहे.

अशा ठिकाणी आरसे लावणं चूक आहे. अभिप्रायाच्या वहीत लिहिणार आहे.

ते वाजणारं घड्याळ सापडलं. माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी मनगटावरून कधी काढलं? अण्णा खेळायला बसताना घड्याळ काढून खिशात टाकायचे. वेळ बघितली की डाव बिघडतो, म्हणायचे.

एकच डाव, मग निघतो.

२३ फेब्रुवारी. बसमध्ये
बाहेर आलो तेव्हा उजेड होता. मनात म्हटलं, बघा, अजून संध्याकाळही झाली नाही. रखवालदार म्हणाला की सकाळ झाली आहे.

गाडी नव्हती. जिथे लावली होती तिथे थोडंसं तेल सांडलेलं होतं आणि बाकी मोकळी जागा. चोरीची तक्रार लिहून घ्या म्हणून मी दोन्ही हात हलवत ओरडलो. रखवालदाराने सांगितलं की बाईसाहेब काल दिवस मावळायच्या आत गेल्या. स्वतः चालवत. गाडी मागे घेताना आरशात बघून, इंडिकेटर देऊन. अगदी शिस्तीत गेल्या, म्हणाला.

मग मोबाईल पाहिला. हिचा एक लांब मेसेज. सुखरूप पोचली आहे, जेवण झालं आहे. पहाटे फिरायला म्हणून दोघी मैदानावर जायच्या. ही शिकायची, आई माझ्या सीटवर बसून दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवायची, दाढेत लवंग धरून. ही बुटकी, म्हणून सीट पुढे, आरसा खाली. पुन्हा मागे करायचं दोघींच्याही लक्षात राहायचं नाही. मी आईला ट्रिपचं सांगितलं त्याच दिवशी तिने हिला सांगितलं होतं, “मी उजाडेपर्यंत बसले. तू बसायचं कारण नाही.” शिकाऊ लायसन्स मी शिकवायचा प्रयत्न केला तेव्हाचं होतंच, पक्क्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. अर्जावर शिकवणाऱ्याच्या जागी आमच्याच स्कूलचं नाव घातलंय. तेवढा मान राखला.

असो. एकंदरीत ट्रिप बऱ्यापैकी यशस्वी म्हणायला हरकत नाही. पेट्रोलचे पैसे गेले, पण गाडीच नसल्यामुळे पेट्रोल लागलं नाही. हिशेब जुळला. तिकीट रखवालदाराने काढून दिलं. सीटचा उलगडा झाला, वासाचा झाला. भूतबीत काही नसतं, हे सिद्ध झालं.

त्या रिकाम्या रस्त्यावरच्या ब्रेकचं मुद्दाम फोन करून विचारलं. फोन आईने घेतला. ब्रेकचं दोघींनाही काही ठाऊक नाही. आई म्हणाली की हे असते तर यांनी ॲक्सिलरेटर दाबला असता. मग म्हणाली, मेल्यावर शिकले असतील. आणि फोन ठेवला.

बस वेगात आहे. वळण आलं की माझा पाय खाली दाबला जातो. तिथे काही नाही. शेजारची सीट रिकामी आहे आणि मघापासून लवंगेचा वास येतोय. बसमध्ये कसला तरी फवारा मारत असतील.

हिला काय उत्तर द्यावं? विचार करून करून एक शब्द टाईप केला: आलोच. पाठवण्याआधी वाचला. काल किल्ली देताना हाच म्हणालो होतो, ते आत्ता आठवलं. खोडला. दुसरा सुचला की पाठवीन.