शेजारची जागा

अहो,

ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्यावर आलंय, म्हणून दुपारच्या बसने निघतेय. आठ दिवसांनी येईन. जेवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

शेडमधल्या तुमच्या अर्धवट गाडीवरची ताडपत्री मी काढलीय. एका दाराला बोटभर फट राहिली म्हणून दोन महिने तिच्याकडे पाठ फिरवून बसलात. ते दार आता चौथ्यांदा काढू नका. रोज एखादा बोल्ट आवळलात तरी पुरे.

सहा वर्षांपूर्वी गाडी बांधायची ठरली, तेव्हा आधी तुम्ही ती फरशीवर खडूने आखलीत. त्या रेघांच्या आत दोन स्टुलं टाकून आपण चहा प्यायलो आणि बोलता बोलता कुठे कुठे जाऊन आलो. पुढे चाकं आली, छत आलं, पण तसं पुन्हा कधी निघालो नाही.

काल तुम्ही कामावर गेल्यावर मी गाडीत बसायला गेले. माझ्या सीटवर ड्रिल, रंगाचे डबे आणि तुमचं जुनं जॅकेट होतं. मग तुमच्या सीटवर बसले थोडा वेळ.

मी येईपर्यंत गाडी होणार नाही, माहीत आहे मला. माझी जागा तेवढी मोकळी करून ठेवा. चहा मी आणेन.