जोड ज्याचा, दोरा त्याचा

सोलापूर
रविवार

प्रिय उमरभाई,

आपल्या अ‍ॅम्बॅसिडरला मी जादा फ्यूज ब्लॉक बसवला आहे. सहा जागांचा. बॅटरीशेजारच्या पत्र्यावर, खाली रबर देऊन. बॅटरीपासून आठ इंचांवर चाळीस अँपिअरचा मुख्य फ्यूज, तिथून जाड वायर, मग ब्लॉक. डावा आणि उजवा हेडलाइट वेगवेगळ्या फ्यूजवर घेतले आहेत, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. हे आधी सांगते, कारण बाकीचं कुठून सुरू करावं ते मला कळत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच ‘रहने दे’ म्हणतोस आणि मग मीही राहू देते.

गाडी आठवते तशीच आहे, फक्त पुढच्या सीटवर उंदरांनी घर केलं होतं. मूळचे फ्यूज दोनच, आणि हेडलाइट तर कुठल्याच फ्यूजवर नव्हते. आता एमआयडीसीत रोज कंट्रोल पॅनेल जोडते, तेव्हा ती जुनी जोडणी बघून अंगावर काटा येतो. पण अब्बांनी तीच गाडी वीस वर्षं लग्नांना नेली. त्यांचा भरवसा फ्यूजवर नव्हता, दोऱ्यावर होता. शाळेत गेले नव्हते, म्हणून वायर ओळखायला चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं सूत आणायचे, आणि पुढे त्याचा नियमच झाला. ज्याने जोड केला त्याने टेप लावण्याआधी आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. त्यांचा पांढरा, तुझा हिरवा, माझा लाल. जोड ज्याचा, दोरा त्याचा. दुसऱ्या कुणी काम केलेली गाडी सात रस्त्याच्या आपल्या वायरिंगच्या दुकानात आली की शेजारून पंक्चरवाले शंकरप्पा ओरडायचे, “चांदसाब, ह्यात कुनाचाच दोरा न्हाय की! बेवारस दिसतीय!” आणि अब्बा खरोखर हळहळायचे, एखादं पोर रस्त्यात सापडावं तसे.

मैंदर्गीच्या लग्नाहून परतताना गाडी पेटली, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. अब्बांनी जळत्या वायरी हाताने उपटल्या. उजव्या हाताची तीन बोटं कायमची चिकटली. आदल्याच आठवड्यात तू टेपरेकॉर्डर बसवला होतास, त्यामुळे दोष कुणाचा याचा कुणाला विचार करावाच लागला नाही. दवाखान्याच्या पायरीवर, हाताला पट्टी बांधलेली, अब्बा म्हणाले, “हात नक्को लगा मेरी गाडी कू. आजसे इस घर में तेरा दोरा नै.” तू एकदाच बोललास, “फ्यूज के आगेसे लिया था, अब्बा.” मी पाण्याची बाटली धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू हुबळीच्या गाडीत बसलास. आयुष्यभर दोरा बघितल्याशिवाय कुणाला बोल न लावणारा माणूस त्या एका दिवशी दोरा न बघता बोलला.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःहून विषय काढला. गाडीला वेगळा फ्यूज ब्लॉक बसव म्हणाले. मी म्हटलं, आधी जुनी वायरिंग सगळी काढते, मग करू. तर एकदम चिडले. “फ्यूज के पुराने डब्बे कू हात नक्को लगा. नई लाइन सीदी बॅटरी पेसे ले, पुराना है वहींच रहने दे.” हे त्यांच्या शिकवणीच्या उलटं होतं. मेलेली वायर गाडीत ठेवायची नाही, हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. मी आजारपणाचा हट्ट समजले. ते खुर्चीत बसून डाव्या हाताने दाखवायचे, मी जोडायची. पाच लाइनी झाल्या. सहावी राहिली, तेवढ्यात ते गेले.

तू आला होतास, हे मला मातीनंतर दोन दिवसांनी कळलं. शंकरप्पा सांगत होते, “पोरगं आलतं की. मागं हुबं ऱ्हायलं, तीन मुठी माती टाकली आन् निघालं. म्या म्हनलं, घरी चल, आई हाय तितं. तर म्हनतंय कसं, काका, तितं माझा दोरा न्हाय.” हे सांगताना ते टायरच्या ट्यूबवरून हात फिरवत होते, आणि माझ्याकडे बघत नव्हते.

गेल्या रविवारी मी जुना डबा उघडला. सहावी लाइन हॉर्नची होती, आणि जुन्या हॉर्नची वायर कुठून आली ते बघितल्याशिवाय मला नवी ओढवेना. फ्यूजच्या अलीकडच्या बाजूला, जिथे बॅटरीचा करंट सरळ येतो, तिथे चार इंच जळकं टोक शिल्लक होतं. त्यावर नंतर लावलेली टेप. टोक दुमडलेलं, अब्बांची नेहमीची सवय, म्हणजे टेप त्यांचीच. पण फेरे उलटे आणि वाकडे. डाव्या हाताचे. म्हणजे आग लागल्यानंतरचे. मी टेप सोडवली. आत लाल दोरा होता.

गाडीचा डबल हॉर्न आगीच्या आधी मीच बसवला होता, अब्बा बार्शीला गेले असताना. फ्यूजच्या पुढच्या बाजूचा स्क्रू गंजला होता, निघत नव्हता. अलीकडचा सहज सुटला. हॉर्न वाजला आणि मला वाटलं, वाजला म्हणजे बरोबर. स्टिअरिंगखाली पत्र्याच्या भोकातून वायर नेली, तिथे रबरही घातलं नाही. ती घासत राहिली असणार, आणि वरचं वेष्टन जाऊन तांबं पत्र्याला टेकलं असणार. मध्ये फ्यूजच नव्हता, मग काय वितळून थांबणार?

मला आत्ताच कळलं असं लिहिणार होते. ते खरं नाही. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी वहीत आपल्या गाडीचं सर्किट काढत होते आणि हॉर्नपाशी पेन्सिल थांबली. कुठल्या स्क्रूला जोडलं होतं ते मला आठवलं. मी वही मिटली. त्यानंतर आठ वर्षं मी गाडीचं बॉनेट उघडलं नाही. अब्बांनी मात्र केव्हाच उघडून पाहिलं होतं, आणि टेप लावून टाकली. तुला परत बोलावण्याएवढे शब्द त्यांच्याकडे नव्हते, आणि मला बोल लावणं त्यांच्याने झालं नाही. शेवटी मला नवा ब्लॉक बसवायला लावला, तोही माझा दोरा मला दिसू नये म्हणून. एका घरात राहून आम्ही दोघं तेच लपवत होतो, एकमेकांपासून. तू तिकडे दुसऱ्यांच्या गाड्या जोडत होतास.

काल अम्मीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “मेरेकू नक्को बोल. उसकू लिख.” म्हणून हे पत्र. लाल दोरा पाकिटात ठेवला आहे, तू ओळखशील. माफी कशी मागतात ते मला जमत नाही, चूक नेमकी कुठे झाली तेवढं मी दाखवू शकते. अब्बांचा चाळिसावा पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे. अम्मी तुझं ताट मांडणार आहे, तू ये किंवा येऊ नको. आणि आणखी एक. टेपरेकॉर्डरचा जोडही मी उघडून पाहिला. फ्यूजच्या पुढच्या बाजूलाच आहे, तू म्हणाला होतास तिथे. पक्का आहे, मी तो काढला नाही. हिरवा दोरा जरा विटलाय, पण गाठ तशीच आहे. तू शंकरप्पांना चुकीचं सांगितलंस, भाई. तिथे तुझा दोरा आहे.

तुझीच,
समरा