लंडनच्या बसमधला एकोणचाळिसावा

मरोळ, अंधेरी (पूर्व)
ता. २० ऑगस्ट १९८४

चिरंजीव सहदेव भावोजी यास,

मालनवहिनीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळी सुखरूप आहोत, म्हणजे मोजता येतात तेवढी. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोला, शेवंतीला विचारलं तर ती बरा आहे म्हणेल, कारण दुखतो तुझा. म्हणून तुलाच विचारते. (अक्षर सुनेचं, बोलणं माझं. विमला दर ओळीला थांबून "असंच लिहू?" म्हणून विचारते. लिही गं, माझा दीर आहे तो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचं नाक मी पुसलंय.)

प्रेमाच्या बाळंतपणाला लंडनला जाऊन तीन महिने राहिले, ते तुला ठाऊक आहे. बाळ गोरंगोमटं आहे, नाक मात्र आपल्या घराण्याचं, त्याला कोण काय करणार? परत निघायच्या आधी प्रेमाने नवऱ्याला हुकूम सोडला, आईला एक दिवस शहर दाखवून आणा. जावई गरीब. नंदूने फिरायच्या बसची दोन तिकिटं काढली आणि सकाळी नऊला मला खिडकीशी बसवलं. माहिती सांगायला एक बाई होती, उंच, सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी, हातात मिटलेली लाल छत्री. छत्रीच्या टोकाने ती माणसं मोजायची, आपण संध्याकाळी बकऱ्या मोजतो तशी. अडतीस तिकिटं, अडतीस माणसं. समाधानाने हसली. दिवसभरातलं तिचं ते शेवटचं हसू.

आता परक्या गावात शिरायचं तर तिथल्या राखणदाराला सांगून शिरावं, ही आपली रीत. गाव कुणाचं का असेना, त्याची शीव राखणारा कुणीतरी असतोच. (बायका गाऱ्हाणं घालत नाहीत हे मला सांगू नकोस. तू गावाला, माझा जयवंत मरोळला, आणि जावई पुण्याकडचा, त्याला देवाशी मोठ्याने बोलायची लाज वाटते. मग कोण घालणार, ती छत्रीवाली?) मी पिशवीतून नारळ काढला, ड्रायव्हरच्या पुढ्यात ठेवला. त्याने टोपी काढली. मी हात जोडले: "बा देवा म्हाराजा! ह्या गावचो जो कोण राखणदार आसात, त्येका सांगणा करतंय. आज तुज्या शिवेत आमी इलंव. मी मालन, माझो जावय नंदू," आणि तिसरं नाव तोंडातून गेलं ते तुझ्या भावाचं. (ते मी सांगत नाही. विमला, तू लिही. धाकू.) "जशी इली तशी सगळ्यांका परत घेवन ये रे म्हाराजा!"

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. बत्तीस वर्षं संसार केला, एकदाही नाव घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा पुटपुटले होते. तिथे कसं गेलं कोण जाणे. सवय नसली की जीभ घसरते.

नंदू खाली मान घालून "व्हय म्हाराजा" म्हणाला. मागच्या पंजाबी जोडप्याला वाटलं आरती आहे, त्यांनीही म्हटलं. कॅमेरेवाले जपानी म्हणाले, एक गोरी म्हातारी क्रॉस करून म्हणाली, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर अगदी मागच्या बाकावरून आणखी एक "व्हय म्हाराजा" आलं. सावकाश. गालात तंबाखू धरून म्हटल्यासारखं. आपल्याकडचं, अस्सल. मी वळून पाहिलं. मागचा बाक रिकामा.

राणीच्या वाड्याशी उतरलो. राणी घरात आहे की नाही ते झेंड्यावरून कळतं म्हणे. (शेवंती घरात आहे की नाही ते वेशीवरूनच ऐकू येतं, झेंडा लागत नाही.) केसाळ टोप्या घातलेले पहारेकरी पाहिले, हलत नाहीत, डोळे मिटत नाहीत. पण त्यातल्या एकाने बुबुळं हळूच फिरवली आणि माझ्या बाजूला, जिथे कुणी नव्हतं, तिथे रोखून धरली. मी आपली पुढे झाले. त्याची नजर तिथेच.

परत बसमध्ये चढलो. एकेक माणूस पायरीवर चढला की ती बस त्या अंगाला जराशी कलते, हे मी बसल्याबसल्या पाहात होते. सगळी चढली. मग ती आणखी एकदा कलली. बाईने मोजलं: एकोणचाळीस. पुन्हा मोजलं: एकोणचाळीस. तिकिटं मागितली: अडतीस. चेहरे पाहावे तर सगळे सकाळचेच, परका एकही नाही. नंदू म्हणाला, "आई, तिची मोजण्यात चूक होतेय." मी म्हटलं, "होतेय हो." मला विडीचा वास येत होता.

मग तो उघडमीट करणारा पूल, ती मोठी चर्चं, ती घड्याळं. काय पाहिलं ते विचारू नकोस, मी पायरी पाहात होते. प्रत्येक ठिकाणी शेवटी एकदा बस कलायची. दुपारपर्यंत बाईने मोठ्याने मोजायचं सोडलं होतं, नुसते ओठ हलायचे आणि एकोणचाळीसवर थांबायचे. ड्रायव्हरने आरसा वर केला, मग खाली केला, मग पालथा घातला. जपानी लोकांनी गाणी म्हणायचं थांबवलं. एवढ्या बोलक्या बसमध्ये पावसाळी दुपारी इतकी शांतता, की मागच्या बाकावर कुणीतरी खाकरल्याचं सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच वळून पाहिलं नाही.

शेवटचा मुक्काम जुन्या धक्क्यावर. तिथे पूर्वी मुंबईची जहाजं लागायची म्हणे. आता काही नाही. कोसभर रिकामी गोदामं, फुटक्या काचा, माल उचलायच्या, उभ्याच्या उभ्या राहिलेल्या याऱ्या, आणि नदीवरून धुकं असं सरकत होतं जसं कुणी चादर ओढतंय. माणसं गाडीतून उतरायला तयार होईनात. मी उतरले. पाण्याशी एक बाक होता, त्यावर बसले, थोड्या अंतराने, जागा सोडून. प्रेमाने दिलेली भाकरी काढली, एक तुकडा कठड्यावर ठेवला. पदराने घाम पुसायच्या आत एक पांढरा दर्यापक्षी आला, तुकडा उचलला आणि गेला. माझ्याकडे बघायलासुद्धा थांबला नाही.

मी उठले. परतीचं गाऱ्हाणं घातलं: मी मालन आणि माझो जावय नंदू, आमका परत ने रे म्हाराजा.

मी चढले तेव्हा बस कलली, माझ्यामागून पुन्हा कलली नाही. बाईने छत्री फिरवली आणि "अडतीस!" अशी किंचाळली की पंजाबीण दचकली. मग ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. मी मागच्या बाकाला हात लावून पाहिला. ऊब होती. ड्रायव्हरने माझा नारळ परत दिला. सकाळी त्यात पाणी खळखळत होतं. आता हलवला तर आवाज नाही.

बाकी सर्व ठीक. जयवंतची पाळी साकीनाक्याच्या कारखान्यात दिवसाचीच आहे. शेवंतीला आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझी वहिनी,
मालन (अंगठा)

ता.क. गणपती दहा दिवसांवर आले, म्हणजे मागून म्हाळ आलाच. अकरा वर्षं तू त्यांचं पान मांडून ऊन कलेपर्यंत उपाशी बसतोस आणि कावळा कौलावरून नुसता बघतो. तू काय काय कबूल केलंस! जयवंतला सांभाळू, प्रेमाला उजवू, विहीर बांधू. विहीर बांधलीससुद्धा. कावळा हलला नाही, आणि तू शेवंतीच्या खिरीला नावं ठेवलीस. खिरीचा दोष नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना जहाजावरची नोकरी लागली होती, लंडनला जाणारं जहाज. जयवंत पोटात होता. मी त्यांचं खलाशाचं पुस्तक तांदळाच्या कणगीत पुरून ठेवलं आणि हरवलं म्हणून रडले. जहाज गेलं. ते गिरणीत गेले. तीस वर्षांत त्यावर एक शब्द बोलले नाहीत. ते पुस्तक मी नारळाबरोबर नेलं होतं. एक कोपरा किड्यांनी खाल्लाय, फोटो शाबूत आहे. धक्क्यावरच्या त्या बाकावर ठेवून आले. जीभ घसरली नव्हती, भावोजी. तर यंदा पान मांड, पण वाट बघू नकोस. घटकाभर थांब आणि जेव. ते गावात नाहीत.

ता.क. दुसरा. प्रेमा पुढच्या वर्षी परत बोलावते आहे. मी निघताना तू देवळात गाऱ्हाणं घालतोस, त्यात "घेवन जा" एवढंच म्हण. "परत घेवन ये" म्हणू नकोस. त्या बाकावर मी जागा सोडून बसले होते, तेवढी पुरेल. विमला म्हणते, हे मी लिहिणार नाही. तिने लिहिलं की नाही ते मला काय कळणार? तूच बघ.